मोडलेलं घर कोण आवरतं? : मार्ज सिम्पसनविषयी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्मृतिव्याख्यानासाठी साधारणपणे एखादी थोर व्यक्ती, एखादा ग्रंथ किंवा एखादा सामाजिक प्रश्न निवडला जातो. मी आज एका अमेरिकी कार्टून मालिकेतल्या गृहिणीविषयी बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या बाईंनी आयुष्यभर शाळा आणि घर दोन्ही सांभाळलं, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. बाहेरच्या कामाचा गौरव होतो, घरातल्या कामाची नोंदही होत नाही. म्हणून हा विषय याच व्यासपीठावर मांडावा, असं मला मनापासून वाटलं.

‘द सिम्पसन्स’ हे नाव तुमच्यातल्या तरुण मंडळींना सांगायला नको. वडीलधाऱ्यांसाठी थोडी ओळख करून देतो. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने हे कुटुंब १९८७ मध्ये ‘द ट्रेसी उलमन शो’साठी छोट्या छोट्या तुकड्यांत रंगवलं. १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्स वाहिनीवर त्याची स्वतंत्र, अर्ध्या तासाची मालिका झाली. ती आजही चालू आहे आणि तिचे साडेसातशेहून अधिक भाग झाले आहेत. स्प्रिंगफील्ड नावाचं गाव. होमर सिम्पसन तिथल्या अणुऊर्जा प्रकल्पात नोकरीला. आळशी, खादाड, तोंडाला येईल ते बोलणारा, पण मनाने दुष्ट नव्हे. दहा वर्षांचा उपद्व्यापी बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान लिसा आणि तोंडात चोखणी धरलेली मॅगी. या सगळ्यांच्या मध्यभागी मार्ज. हिरवा झगा, गळ्यात लाल मण्यांची माळ आणि डोक्यावर निळ्या केसांचा उंचच उंच मनोरा.

कौटुंबिक विनोदी मालिकेचा एक नियम असतो. भाग सुरू होताना घर जसं होतं, तसंच ते संपताना असलं पाहिजे. नाहीतर पुढचा भाग सुरू कुठून करायचा? कार्टूनमध्ये तर हा नियम अधिकच कडक. १९८९ मध्ये दहा वर्षांचा असलेला बार्ट आजही दहाच वर्षांचा आहे. दर आठवड्याला या घरात काहीतरी मोडतं. नोकरी जाते, पैसे बुडतात, मुलगा शाळेतून काढला जातो, नवरा काहीतरी भयंकर करून बसतो. आणि वीस-बावीस मिनिटांत सगळं पुन्हा जागेवर येतं. ते जागेवर कोण आणतं? लेखक आणतात, हे झालं तांत्रिक उत्तर. पण कथेच्या आत हे काम बहुतेक वेळा एकाच माणसाच्या वाट्याला येतं. क्षमा कोणी करायची, समजूत कोणी घालायची, उरलेल्या पैशांत महिना कोणी काढायचा? मार्जने.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मार्जचा सोशिकपणा हा तिचा स्वभाव आहे असं आपण धरून चालतो. मालिका नीट पाहिली, की कळतं की ते तिचं काम आहे; रोजचं, बिनपगारी आणि कष्टाचं. हे काम मधेच थांबलं तर काय होतं, हे या मालिकेने काही भागांत फार प्रामाणिकपणे दाखवलं, आणि त्यात तिचं मोठेपण आहे. पण त्या प्रत्येक वेळी मार्जला अगदी स्वस्तात परत आणलं, हा मालिकेचा दोषही आहे. या दोन्हींविषयी मी बोलेन.

आधी ही बाई घडली कशी ते पाहू. ग्रेनिंगच्या आईचं नाव मार्गारेट, घरात मार्ज. पात्राचं नाव तिच्यावरून आलं. उंच केसांची कल्पना काही अंशी साठच्या दशकातल्या आईच्या केशरचनेवरून आली, काही अंशी ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या जुन्या चित्रपटातल्या नायिकेवरून. कातडीचा पिवळा आणि केसांचा निळा रंग निवडला जॉर्जी पेलुस या रंगकर्मी बाईंनी. आणि आवाज दिला जुली कॅव्हनर यांनी. ‘रोडा’ या मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीची भूमिका करून एमी पुरस्कार मिळवलेली ही अभिनेत्री. मार्जच्या आवाजासाठीही त्यांना १९९२ मध्ये एमी मिळाला.

या आवाजाविषयी थोडं थांबून बोलायला हवं. तो गोड नाही. घोगरा, खरखरीत, घशात वाळू अडकल्यासारखा आहे. नवरा काही वेडगळ बेत सांगू लागला, की मार्ज बोलायच्या आधी घशातल्या घशात एक लांब गुरगुर करते. ना होकार, ना नकार. जे बोलायचं होतं ते गिळताना झालेला तो आवाज आहे. मालिकेचा प्रत्येक प्रेक्षक ही गुरगुर ओळखतो आणि तिच्यावर हसतो. माझ्या मते सोशिक बाईच्या चित्रणात अॅनिमेशनने घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे. सोसण्याला इथे आवाज मिळाला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मार्जच्या थोरल्या जुळ्या बहिणी पॅटी आणि सेल्मा, सरकारी वाहन परवाना कचेरीत काम करणाऱ्या, सतत सिगारेट ओढणाऱ्या, होमरचा मनापासून तिरस्कार करणाऱ्या. त्यांचाही आवाज कॅव्हनर यांचाच. या तिघींच्या आईचाही. सोसणारी, न सोसणारी आणि सोसायला शिकवणारी, सगळ्या एकाच गळ्यातून बोलतात.

मार्जच्या आधीही पडद्यावर अशा बायका होत्या. पन्नासच्या दशकातल्या ‘द हनीमूनर्स’मधली अॅलिस नवऱ्याच्या आरडाओरड्याला तिखट उत्तर देई. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘द फ्लिंटस्टोन्स’ या कार्टूनमधली विल्मा त्याच साच्यातली. नवरा मोठ्या तोंडाचा, बायको शहाणी, हे समीकरण जुनंच. मार्जचं वेगळेपण असं की तिला भूतकाळ दिला गेला. १९९१ च्या ‘द वे वी वॉज’ या भागात आपण तिला शाळेच्या शेवटच्या वर्षात, १९७४ मध्ये पाहतो. वादविवादात चमकणारी, स्त्रीमुक्तीच्या निदर्शनात उतरलेली आणि त्यापायी शिक्षा झालेली मुलगी. त्या शिक्षेच्या वर्गातच होमर तिला भेटतो. आज स्वयंपाकघरात उभी असलेली बाई एके काळी काय होऊ शकली असती, हे एकदा दाखवलं, की तिच्या प्रत्येक गुरगुरीचा अर्थ बदलतो.

मालिकेचा पहिलाच भाग नाताळचा. लिहिला मिमी पाँड या लेखिकेने. त्यात नाताळच्या खरेदीसाठी साठवलेले पैसे कुठे ठेवलेत, असं होमर विचारतो. मार्ज त्याला पाठ फिरवायला सांगते आणि स्वतःच्या उंच केसांतून पैशांची भली मोठी बरणी काढते. आपल्या घरांत डाळीच्या डब्याच्या तळाशी जे असायचं, तेच हे. प्रेक्षक हसतो, पण केवढी माहिती या एका कृतीत आहे! घरखर्चातून वाचवलेला पैसा, नवऱ्याच्या नजरेआड ठेवलेला, आणि लपवायची जागा स्वतःच्या अंगावरच. पुढे बार्ट हातावर गोंदवून घेतो आणि ते गोंदण काढायला ती अख्खी बरणी रिकामी होते. वर्षाची काटकसर एका दुपारी संपते. या पहिल्या भागानंतर मात्र मालिकेच्या लेखकांच्या खोलीत अनेक वर्षं जवळजवळ सगळे पुरुषच होते. मार्जचं आयुष्य बहुतांशी पुरुषांनी लिहिलं, हे तिच्याविषयी बोलताना विसरून चालणार नाही.

तरीही त्या पुरुषांनी काही ठिकाणी फार खोल पाहिलं. ‘मोनिंग लिसा’ हा फेब्रुवारी १९९० मधला भाग घ्या. आठ वर्षांच्या लिसाला कारण सांगता येत नाही असं दुःख झालेलं असतं. मार्जला आपलं लहानपण आठवतं. तिच्या आईने तिला शिकवलेलं असतं की घराबाहेर पडताना चेहऱ्यावर हसू हवं, कारण मुलीच्या हसण्यावरून लोक आईची परीक्षा करतात. तोच धडा मार्ज लिसाला देते. वाईट वाटतंय ना, मग ते खाली खाली दाब, गुडघ्यांच्याही खाली, इतकं की त्यावरून चालता येईल. गाडीतून उतरून लिसा खोटं हसत शाळेच्या वाद्यवृंदाकडे जाते. हसणारी मुलगी दिसताच एक मुलगा तिच्या गळ्यात आपला गृहपाठ घालू पाहतो. तुझ्या मनातलं आज वाजवू नकोस, असं संगीताचे मास्तर बजावतात, आणि लिसा निमूटपणे हो म्हणते. मार्ज गाडीतून हे बघत असते. ती गाडी जोरात वळवते, मुलीला हाताला धरून आत ओढते आणि निघते. मग तिला सांगते की मी चुकले. तुला दुःखी राहायचं असेल तर राहा. आम्ही तुझ्याबरोबर आहोत.

सोशिकपणा आईकडून मुलीकडे कसा जातो आणि एखादी आई तो कसा अडवते, हे इतक्या थोड्या वेळात मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे. पण त्या संवादात पुढे एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. मार्ज म्हणते, इथून पुढे आपल्या दोघींच्या वाटचं हसणं मी हसेन. म्हणजे मुलीला तिने मोकळं केलं, पण ओझं खाली ठेवलं नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतलं. वारसा थांबला, काम थांबलं नाही.

मग राग कुठे जातो? याचं उत्तर ऑक्टोबर १९९२ मधल्या एका भागात आहे. टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाचं गावात संगीतरूप बसवतात आणि मार्ज भूमिकेसाठी जाते. दिग्दर्शक तिला नापास करतो. ती सार्वजनिक फोनवरून घरी कळवते की माझी निवड झाली नाही, तुझंच बरोबर होतं, येताना तळलेलं चिकन घेऊन येते. नवरा पलीकडून आणखी काय काय आणायचं ते सांगत राहतो, ती हो हो म्हणत राहते. दिग्दर्शक हे ऐकतो आणि तिथल्या तिथे तिला ब्लांशची, म्हणजे चिरडल्या जाणाऱ्या नायिकेची भूमिका देतो. तालमीत मात्र तिचं घोडं अडतं. फुटक्या बाटलीने हल्ला करण्याच्या प्रसंगात तिला राग आणता येत नाही. एवढं चिडण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटत राहतं. मग तालमीच्या ठिकाणी होमर यंत्रात अडकलेल्या खाऊसाठी यंत्र बडवत, पत्नीकडे ढुंकूनही न बघता आरडाओरडा करतो. समोरच्या पात्राच्या जागी तिला तो दिसू लागतो. आणि राग येतो, इतका की समोरच्या नटाची घाबरगुंडी उडते. तो राग तिच्यात आधीपासून होता. तो बाहेर काढायला तिला दुसऱ्या बाईचं नाव घ्यावं लागलं. घरात मार्ज म्हणून तिला तशी परवानगी नव्हती. ती कोणी नाकारली होती असंही नाही. तिने ती कधी मागितलीच नव्हती. सोसणाऱ्या माणसाच्या मनाची ही गुंतागुंत मालिकेने न समजावता दाखवली.

आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. ‘होमर अलोन’, फेब्रुवारी १९९२. सकाळ. मुलांचे डबे, नवऱ्याची कामं, चुकलेली बस, एकामागून एक दुकानं. मार्ज गाडी चालवते आहे, मागे मॅगी. रेडिओवर दोन निवेदक कुणा माणसाला फोन करून क्रूर थट्टा करत आहेत. मागून एक वाहन धोकादायकपणे अंगावर येतं. आणि मॅगीच्या बाटलीतलं दूध सांडतं. एवढंच. मार्ज किंचाळते आणि पुलाच्या मधोमध गाडी आडवी करून थांबवते. दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प. ती उतरत नाही, बोलत नाही. पोलीस येतात, दूरदर्शनवाले येतात, गाव जमतं.

मला या प्रसंगात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, कारण क्षुल्लक आहे. कुणी मेलं नाही, नवऱ्याने मारलं नाही, मोठी फसवणूक झाली नाही. दूध सांडलं. असं सांडलेलं दूध तिने आजवर न बोलता पुसलं होतं, आज पुसलं नाही. सोसण्याची सीमा मोठ्या घटनेने ओलांडली जाते असं आपल्या कथा-कादंबऱ्या शिकवतात. हा भाग सांगतो की ती सीमा कुठल्याही साध्या मंगळवारी येऊ शकते. दुसरी गोष्ट, ती पळून जात नाही, कुणाला इजा करत नाही. फक्त थांबते. आणि एक बाई थांबली, की एक रस्ता आणि एक गाव थांबतं. आजवर ती चालत होती म्हणूनच हे सगळं चालू होतं, हे याहून स्पष्ट कसं दाखवायचं? पुढच्या वर्षीच्या ‘मार्ज इन चेन्स’मध्ये हेच गावाच्या पातळीवर येतं. दुकानात एका बाटलीचे पैसे द्यायचे राहून जातात म्हणून मार्जला तीस दिवसांची कैद होते. तिच्या हातच्या मार्शमेलोच्या वड्या नसल्याने गावच्या खाऊविक्रीत पैसे कमी पडतात, बागेत अब्राहम लिंकनचा पुतळा बसवता येत नाही, आणि तिथून दंगलीपर्यंत मजल जाते. अतिशयोक्ती आहे, पण कशाची अतिशयोक्ती आहे ते पाहा.

पुलावरच्या प्रसंगानंतर मार्ज एकटी विश्रांतीला जाते. परत येते तेव्हा शेवटच्या दृश्यात रात्री सगळं कुटुंब तिच्याच बिछान्यात दाटीवाटीने झोपलेलं असतं, पुन्हा जाऊ नकोस म्हणत, मदतीची वचनं देत. प्रेम खरं आहे, यात मला शंका नाही. पण पुढच्या आठवड्यात डबे कोण भरतं? तीच. इथे मालिकेचा दोष उघड होतो. १९९४ मध्ये एका भागात होमर यशस्वी लग्नावर वर्ग घेऊ लागतो आणि स्वतःच्या लग्नातल्या खाजगी गोष्टी तिथे चव्हाट्यावर आणतो. मार्ज त्याला घराबाहेर काढते. तो परत येऊन सांगतो की दुसरं कुणी तुला देऊ शकणार नाही असं माझ्याकडे एकच आहे : तुझ्यावर संपूर्ण अवलंबून असणं. ही काही चांगली गोष्ट नव्हे, असं मार्ज म्हणते, आणि तरीही त्याला घरात घेते. विनोद उत्तम आहे. पण ज्याच्यामुळे ती थकली तेच कारण तिला भेट म्हणून दिलं जातं आणि लेखक तिला ते घ्यायला लावतात. बाईने माफ केलं की कथा संपते, ही सवय केवळ स्प्रिंगफील्डची नाही.

मार्जच्या बाजूने मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सोसणं म्हणजे गप्प बसणं, असं तिने कधी मानलं नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी ‘पीपल’ साप्ताहिकाच्या मुलाखतीत म्हटलं, की ‘द सिम्पसन्स’इतकी बावळट गोष्ट आपण पाहिली नाही. सप्टेंबरमध्ये मार्जच्या नावाने त्यांना पत्र गेलं. भाषा अत्यंत नम्र. मी माझ्या मुलांना इतरांविषयी घाईने मत बनवू नका असं शिकवते. आपण दोघीही एका असामान्य पुरुषाच्या सेवेत आयुष्य घालवतो, म्हणून आपल्यात बरंच साम्य आहे असं मला वाटत होतं, अशा आशयाचं. ऑक्टोबरमध्ये बार्बरा बुश यांचं उत्तर आलं आणि त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. कार्टूनमधल्या गृहिणीने आवाज न चढवता देशाच्या पहिल्या महिलेला स्वतःचे शब्द मागे घ्यायला लावले. शांतपणाचं हे बळ खरं आहे आणि मी त्याचा आदर करतो. ते बळ त्या बाईने स्वतः निवडलेलं असावं, एवढीच माझी अट आहे.

मालिका सुरू झाली त्याच १९८९ साली समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांचं ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक आलं. नोकरी करून घरी परतलेली बाई तिथे दुसरी पाळी सुरू करते, हे त्यांनी अमेरिकी घरांत जाऊन मांडलं. मार्जला बाहेरची नोकरी नाही, म्हणून तिची एकच पाळी, पण ती संपतच नाही. आपल्या देशात सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि अशी कामं करणारे पुरुष ८८. ही मिनिटं मोजता आली हे चांगलंच झालं. पण गुरगुर गिळणं, समजूत घालणं, दोघींच्या वाटचं हसणं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तो रकाना अजून कुठल्याच पाहणीत नाही, आणि मार्जचं निम्मं काम त्याच रकान्यातलं आहे.

मे २०२५ मध्ये छत्तिसावं पर्व संपलं. शेवटच्या भागात भविष्यकाळ दाखवला होता आणि त्यात मार्जचं निधन झालेलं होतं. जगभर हळहळ व्यक्त झाली. मालिकेचे निर्माते मॅट सेल्मन यांना खुलासा करावा लागला की ते निव्वळ कल्पनेतलं भविष्य आहे, मार्ज मालिकेत आहे. लोकांचं वाईट वाटणं मला समजतं. पण त्या भागात तिच्या माघारी काय होतं, ते अधिक बोलकं आहे. बार्ट आणि लिसा एकमेकांपासून दुरावतात, आणि त्यांना पुन्हा जवळ आणायला आईने मागे ठेवलेली एक चित्रफीतच लागते. मेल्यानंतरही घर जोडण्याचं काम तिच्याच वाट्याला. भावंडांनी आपणहून एकमेकांकडे यावं, हे लेखकांना सुचलं नाही. ते सुचायला हवं होतं.

श्रोतेहो, सोशिक बाईचं कौतुक करण्याची आपल्याला फार सवय आहे. सत्कारात, श्रद्धांजलीत, लग्नातल्या भाषणांत आपण तिला समईची, धरतीची उपमा देतो. माझी विनंती साधी आहे. ज्या घरात आपण असं कौतुक करतो, त्या घरातलं कुठलं काम तिच्याकडून काढून आपण स्वतःकडे घेतलं, हे त्याच वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर ते कौतुक म्हणजे तिच्यावर टाकलेलं आणखी एक काम आहे. जे लिहितात त्यांना माझं सांगणं असं, की सोशिक बाई जरूर लिहा, पण तिला काय हवं होतं तेही लिहा, आणि तिने माफ करण्याआधी समोरच्याला काहीतरी बदलायला लावा. मार्ज सिम्पसनला पस्तीस वर्षांहून अधिक काळ आपण हसत हसत पाहिलं. तिने आपल्याला दाखवून दिलं आहे की घर आपोआप जागेवर येत नाही, कुणीतरी ते आणत असतं. ते कुणीतरी दर वेळी एकच माणूस असू नये, एवढी व्यवस्था करणं आपल्या हातात आहे.